पोळे न बांधणाऱ्या मधमाश्या

मधमाशी हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे पोळे उभे राहते. पोळ्यात एक राणी, तिच्याभोवती राबणाऱ्या हजारो कामकरी माश्या, षट्कोनी खणांत साठविलेला मध आणि कोणी छेड काढली तर त्याच्या पाठीस लागणारे संतप्त मोहोळ, असे चित्र क्रमिक पुस्तकांनी आपल्या मनावर कोरून ठेविले आहे. उद्योग, एकी आणि काटकसर यांचा धडा द्यावयाचा झाला, की मुंगीच्या जोडीला मधमाशीस उभे करण्याचा आपल्याकडे प्रघातच आहे. हे चित्र खोटे नाही; परंतु ते फार थोड्या माश्यांचे आहे. जगात मधमाश्यांच्या विस्तृत कुळातील २०,००० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद आजवर झालेली आहे. त्यांपैकी ज्यांच्यावरून आपण हे चित्र रंगविले, त्या एपिस नावाच्या गणातील जाती जेमतेम दहाबारा भरतात. उरलेल्यांपैकी बहुसंख्य जातींत राणी नाही, कामकरी वर्ग नाही आणि मेणाचे पोळेही नाही. प्रत्येक मादी आपले घर आपणच तयार करते, मुलांसाठी शिधा आपणच गोळा करते, आणि बहुधा त्या मुलांचे तोंड न पाहताच मरून जाते. एकट्याने संसार करणाऱ्या या माश्या राहतात कोठे आणि कशा, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. या प्रश्नाचे उत्तर नुसत्या कुतूहलापुरते नाही. कारण यांतील पुष्कळशा आपल्याच अंगणात, भिंतीत आणि कुंपणात आपले शेजारी म्हणून राहात आहेत, आणि त्यांची घरे आपण रोज नकळत मोडीत आहोत.

आरंभी मधमाशी कोणास म्हणावे, हे स्पष्ट केले पाहिजे. गांधीलमाशी आणि घराच्या कोपऱ्यात चिखलाचे मडके चिकटवून जाणारी कुंभारीण यांना पुष्कळ लोक मधमाश्यांतच जमा करतात. ही त्यांची नातेवाईक मंडळी खरी. पण आहार अगदी निराळा. कुंभारीण आपल्या पिलांसाठी अळ्या किंवा कोळी पकडून आणते. म्हणजे तिचे पिलू मांसाहारी आहे. अशाच मांसाहारी पूर्वजांच्या एका शाखेने सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी शिकार सोडून फुलांतील पराग आणि मकरंद यांवर पिले वाढविण्यास सुरुवात केली. हे व्रत घेतलेली शाखा म्हणजेच मधमाश्या. त्यांच्या अंगावरील केस पिसांसारखे फुटवे असलेले असतात, आणि पराग त्यांत सहज अडकून राहतो. शास्त्रज्ञ मधमाश्यांची सात कुले मानतात. त्यांतील एक केवळ ऑस्ट्रेलियात आढळते. उरलेल्या सहांचे प्रतिनिधी आपल्या देशात आहेत. हिंदुस्थानातील माश्यांचे पहिले मोठे वर्णनात्मक पुस्तक चार्ल्स टॉमस बिंगहॅम यांनी १८९७ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर नोंदींत सारखी भर पडत आली असून भारतातील ज्ञात जाती आता ७०० च्या वर गेल्या आहेत.

यांतील ज्या तीनचार आपणांस नावाने माहीत आहेत, त्यांच्या घरांकडे आधी पाहू. म्हणजे इतरांचे वेगळेपण चटकन ध्यानात येईल. उंच कड्याला, मोठ्या वृक्षाच्या फांदीला किंवा शहरातील पाण्याच्या टाकीखाली जे एकच मोठे थोरले पोळे उघड्यावर लोंबत असते, ते आग्या माशीचे. हे पोळे हात दीड हात सहज असते, कधी त्याहूनही मोठे. त्यावर माश्यांचेच दाट पांघरूण पसरलेले असते, आणि शत्रू जवळ आला की सगळ्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात, त्यामुळे पोळ्यावरून लाट गेल्यासारखी दिसते. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे फुलोऱ्याच्या शोधात स्थलांतर करतात, आणि पुढील हंगामात कित्येकदा त्याच झाडावर किंवा त्याच इमारतीवर परत येतात. फुलोरी माशी आकाराने लहान. तिचे तळहाताएवढे एकच पोळे झुडपातल्या काटकीभोवती बांधलेले असते, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून काटकीच्या दोन्ही बाजूंस ती चिकट रसाची पट्टी लावून ठेवते. सातेरी माशी मात्र अंधारप्रिय. झाडाची ढोली, वारुळाची पोकळी किंवा जुन्या भिंतीतील कपार अशा बंद जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच तिला लाकडी पेटीत राहावयास लावता येते, आणि महाबळेश्वराच्या बाजूचा मधाचा धंदा तिच्याच जिवावर उभा राहिला. चौथी पोयाची माशी. ही चिलटाएवढी असून तिला डंख नसतो. भिंतीच्या भेगेतून मेण आणि राळ यांची एक बारीक नळी बाहेर आलेली आपण कधी पाहिली असेल. ते तिच्या घराचे दार होय. शेतांतून व बागांतून ठेवलेल्या पेट्यांत आज पुष्कळ ठिकाणी दिसणारी युरोपीय माशी या चौघींत येत नाही. ती आपल्या देशात बाहेरून आणलेली असून तिचे बस्तान १९६२ साली कांगडा भागातील नगरोटा येथे प्रथम यशस्वीपणे बसले.

या सर्व माश्या समाज करून राहणाऱ्या. आता एकट्या माश्यांकडे वळू.

जगातील मधमाश्यांच्या सुमारे तीनचतुर्थांश जाती जमिनीत घर करतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पावसाळा ओसरल्यानंतर उघड्या, किंचित उतरत्या, ऊन लागणाऱ्या जमिनीवर पेन्सिलीच्या जाडीची भोके आणि त्यांच्या तोंडाशी मऊ मातीची लहानशी रास दिसली, तर ती मुंग्यांचीच असेल असे समजू नये. थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले, तर पायांवर पिवळा पराग माखून घेतलेली एखादी माशी येते आणि क्षणार्धात भोकात नाहीशी होते. आत काही बोटे खोल बोगदा गेलेला असतो. त्याला फुटलेल्या प्रत्येक उपशाखेच्या टोकाला एक लहानशी कोठडी असते. मादी या कोठडीच्या भिंती पोटाच्या टोकाने थापून गुळगुळीत करते, आणि आपल्या शरीरातील एका ग्रंथीतून निघणाऱ्या स्रावाचा लेप त्यावर देते. हा लेप वाळला म्हणजे पाणी आत झिरपत नाही. नंतर ती कित्येक खेपा करून पराग व मकरंद आणते, त्यांचा वाटाण्याएवढा लाडू वळते, त्यावर एक अंडे घालते आणि कोठडीचे तोंड मातीने लिंपून टाकते. अंड्यातून निघणारी अळी हा लाडू खाऊन पोसते, कोश होते, आणि ज्या ऋतूत तिची फुले फुलतात त्या ऋतूत पंख फुटून बाहेर पडते. आईचे आयुष्य काही आठवड्यांचेच. तेवढ्यात तिच्या हातून थोड्याच कोठड्या पुऱ्या होतात. हजारो अंडी घालणाऱ्या राणीमाशीशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून एक घर मोडले की त्या मादीच्या साऱ्या जन्माचे श्रम वाया जातात.

जमिनीत राहणाऱ्यांपैकी आपणांस सहज ओळखता येण्यासारखी एक माशी आहे. तिच्या काळ्या पोटावर चकाकणारे निळसर पट्टे असतात, आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवर ती क्षणभर हवेत तरंगते, सोंड पुढे करते, लगेच दुसऱ्या मंजिरीकडे झेपावते. शास्त्रज्ञ तिच्या गणाला अमेजिला म्हणतात. नदीकाठची दरड, शेताचा बांध आणि जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती या तिच्या आवडीच्या जागा. प्रत्येकीचे घर स्वतंत्र असले, तरी चांगली जागा मिळाली की अनेक माद्या शेजारीशेजारी घरे करतात. ही चाळ झाली, एकत्र कुटुंब नव्हे. नरांना घर नसते. सायंकाळ झाली की पाचदहा नर एखाद्या वाळक्या काडीवर जमतात, जबड्यांनी ती घट्ट पकडतात आणि तसेच लोंबकळत रात्रभर झोप घेतात. पहाटे बागेत फिरणाऱ्यास हे दृश्य पाहावयास मिळते.

जेथे कष्टाळू गृहिणी, तेथे आयत्या बिळावर नागोबा होणाराही असावयाचाच. काळ्या अंगावर निळे किंवा पांढरे ठिपके मिरविणारी थायरियस नावाची माशी अमेजिलाच्या दारापाशी टपून बसते. घरधनीण परागासाठी बाहेर गेली, की ती आत शिरून तिच्या कोठडीत आपले अंडे घालते. या परक्या अंड्यातून निघालेली अळी यजमानिणीच्या पिलाचा नाश करते आणि लाडू स्वतः खाते. कोकिळेची रीत आपण पक्ष्यांत पाहतो. तीच येथे माश्यांत आहे. या ऐतखाऊ माशीला पराग वाहून न्यावयाचा नसल्यामुळे तिच्या पायांवर त्यासाठी लागणारे दाट केसही उरलेले नाहीत. एखाद्या जागी अशी माशी दिसली, तर तेथे यजमान माश्यांची वस्ती चांगली नांदती आहे असे खुशाल समजावे. कारण कर्ते कुटुंब असल्यावाचून ऐतखाऊचे पोट भरत नाही.

जमिनीतील आणखी एका कुलाशी आपली गाठ उन्हाळ्यात पडते. घामेजलेल्या हातावर एखादी बारीक, काळपट किंवा हिरवट चकाकणारी माशी येऊन बसते आणि घाम चाटू लागते. तिला हवे असतात घामातील क्षार. या कुलातील काही जाती अगदी एकट्या राहतात. काहींत मात्र आई आणि मुली एकाच घरात राहून कामे वाटून घेतात. एकलकोंडेपणापासून समाजापर्यंतच्या वाटेवरील निरनिराळ्या पायऱ्या अशा एकाच कुलात पाहावयास मिळतात, म्हणून शास्त्रज्ञांना या क्षुद्र दिसणाऱ्या माश्यांचे फार महत्त्व वाटते.

जमीन सोडून आता लाकूड, काड्या आणि तयार भोके यांत राहणाऱ्यांकडे येऊ. गुलाबाची हौस असणाऱ्यांनी पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या गोल कातरलेल्या पाहिल्या असतील. सुरवंट पान कुरतडतो तेव्हा कड अशी सफाईदार राहात नाही. हे काम मेगाकायली गणातील पानकापी माशीचे. ती पान खात नाही. कापलेला तुकडा पायांत धरून ती बांबूच्या पोकळीत, खिडकीच्या चौकटीतील एखाद्या भोकात किंवा कुंभारणीच्या रिकाम्या घरट्यात नेते. लांबट तुकड्यांची एकावर एक गुंडाळी करून ती द्रोणासारखी कोठडी तयार करते, त्यात पराग भरते, अंडे घालते, आणि बरोबर तोंडाच्या मापाचे गोल तुकडे कापून झाकण बसविते. लांबट तुकडा भिंतीला आणि गोल तुकडा झाकणाला, हा हिशेब तिला कोणी शिकविलेला नसतो. इतर माश्या पराग पायांवर वाहतात. ही मात्र पोटाच्या खालच्या बाजूवरील केसांत वाहते, म्हणून ती फुलावरून उडताना तिचे पोट पिवळे धमक दिसते. तुरीच्या फुलांवर ती पुष्कळ येते.

लाकडात राहणाऱ्यांचा राजा म्हणजे आपला भुंगा. काव्यातील भ्रमर कमळाभोवती गुंजारव करीत असतो. प्रत्यक्षातील भुंगा वाळक्या फांदीत, कुंपणाच्या बांबूत किंवा जुन्या घराच्या वाशात राहतो. आपल्या पूर्वजांनी त्याची ही सवय नीट पाहून ठेवली होती. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, कठीण लाकूड पोखरणारा पण कोवळ्या कळीपुढे हतबल होणारा भ्रमर अर्जुनाच्या अवस्थेसाठी दृष्टान्त म्हणून आलेला आहे. एवढेच, की पोखरण्याचे हे काम करते ती मादी. तिचे जबडे अत्यंत मजबूत असतात. लाकूड तिच्या पोटात जात नाही. भुसा ती बाहेर टाकते, आणि त्यांतलाच थोडा लाळेत कालवून कोठड्यांमधील पडदे घालते. वाळवीप्रमाणे ती घर पोखरून टाकील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. एका वाशाला एकदोन भोके पडतील इतकेच. आपल्या तोंडासमोर येऊन घों घों करीत घिरट्या घालणारा बहुधा नर असतो, आणि नराला डंखच नाही. मादीला डंख आहे, परंतु मुठीत धरल्याखेरीज ती त्याचा उपयोग सहसा करीत नाही.

भुंग्याचीच एक चिमुकली चुलतबहीण, सेरॅटिना नावाची, हिरवट किंवा काळसर तुळतुळीत अंगाची माशी घाणेरीसारख्या झुडपांच्या मोडक्या, वाळक्या काड्यांतील भेंड कोरून घर करते. अशा अरुंद काडीत कोठड्या एकीपुढे एक रांगेने येतात, आणि येथे एक कूट प्रश्न उद्भवतो. सर्वांत आतले अंडे सर्वांत आधी घातलेले. ते आधी बाहेर निघू पाहील, तर पुढच्या भावंडांचे काय? पुष्कळशा काडीवासी माश्यांत याची तोड अशी निघाली आहे, की फलित अंड्यांतून मुली व अफलित अंड्यांतून मुलगे होतात, आणि कोणते अंडे केव्हा घालावयाचे हे आईच्या स्वाधीन असते. मुलींना वाढावयास वेळ अधिक व शिधाही जास्त लागतो, म्हणून त्यांच्या कोठड्या आत. मुलगे लवकर तयार होतात, म्हणून ते दाराशी. मुलगे आधी बाहेर पडतात आणि बहिणींची वाट मोकळी होते.

येथवर सांगितलेल्या बहुतेक माश्या सूर्याच्या चाकर. पण आपल्याच सह्याद्रीत याला एक विलक्षण अपवाद आहे. तामिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे पूर्वी डेन्मार्ककरांची वखार होती, आणि त्या गावाला ते ट्रांकेबार म्हणत. त्या गावाचे नाव धारण करणारा झायलोकोपा ट्रांकेबारिका हा भुंगा पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या अरण्यात रात्री उडतो, अगदी अमावास्येच्या काळोखातही. हेमा सोमनाथन, रिनी बोर्जेस आणि स्वीडनमधील त्यांचे सहकारी यांनी या भुंग्याच्या घरट्यापाशी रंगीत खुणा ठेवून प्रयोग केले, आणि तो ताऱ्यांच्या प्रकाशात रंग ओळखू शकतो असे २००८ साली प्रसिद्ध केले. इतक्या प्रकाशात माणसास रंगाचा मागमूसही लागत नाही. आश्चर्य हे, की त्याच्या डोळ्यांची घडण मूलतः दिवसा उडणाऱ्या माश्यांच्याच धर्तीची आहे. मात्र त्यांतील भिंगे आणि कपाळावरचे तीन साधे डोळे आकाराने बरेच मोठे झाले आहेत. त्याच अरण्यातील वारस नावाच्या वृक्षाची फुले रात्री उमलतात, आणि त्याच्या फळधारणेत निशाचर होणाऱ्या दुसऱ्या एका भुंग्याचा मोठा वाटा असल्याचे २००१ मध्ये दाखविले गेले. या भुंग्यांना राहावयास वाळलेले लाकूड हवे. अरण्यातील वठलेले झाड सरपण म्हणून तोडले, तर सरपणाबरोबर आणखी काय जाते, याची यावरून कल्पना यावी.

आता या माश्यांचा प्रादेशिक विस्तार पाहू. झाडे, पक्षी, फुलपाखरे यांच्या बाबतीत सामान्य नियम असा, की विषुववृत्ताच्या उष्ण व दमट अरण्यांत जाती सर्वाधिक. मधमाश्या या नियमाला जुमानीत नाहीत. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही गोलार्धांच्या मधल्या अक्षांशांत, रुक्ष व उघड्या प्रदेशांत जातींची दाटी दिसते. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि भूमध्यसमुद्राभोवतीचे देश ही त्याची ठळक उदाहरणे. कारणे दोन असावीत असे मानतात. पहिले घराचे: जमिनीत साठविलेला परागाचा लाडू सतत ओल्या मातीत बुरशीने नासतो, कोरड्या मातीत तो टिकतो. दुसरे अन्नाचे: वाळवंटी प्रदेशात पाऊस पडताच एकदम बहर येतो आणि ओसरतो, आणि कोशात झोपून त्या मोसमाची वाट पाहणे एकट्या माशीला साधते. ज्या अरण्यात वर्षभर काही ना काही फुलत असते, तेथे मोठा संसार पोसणाऱ्या समाजप्रिय माश्यांची सरशी होते.

आपल्या देशातही हवामान बदलते तशा माश्या बदलतात. हिमालयाच्या थंड पट्ट्यात अंगावर लोकरीसारखे केस असलेल्या बंबल माश्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. दख्खनच्या पठारावर त्या मुळीच नाहीत. उंच हिमालयातील कड्यांवर आग्या माशीची एक थोरली बहीण राहते, ती खाली मैदानात उतरत नाही. फुलोरी माशी मैदानांतील कोरडी, उष्ण हवा सोसते. सातेरीस सावली व ओलावा मानवतो, म्हणून ती घाटमाथ्यावर अधिक सुखी असते. माती, पाऊस, वनस्पती यांची तऱ्हा पाहूनच कोणी कोठे नांदावयाचे हे ठरते. कोणत्याही माशीस घर, घराचे सामान आणि फुले ही तिन्ही एकमेकांजवळ मिळाली पाहिजेत. लहान एकट्या माश्या घरापासून काही शेकडा वार अंतरापर्यंतच चाराशोधास जातात. फुले येथे आणि घर चार मैलांवर, अशी व्यवस्था त्यांना चालत नाही.

या माश्या मध देत नाहीत, मग त्यांच्यासाठी इतकी चिंता कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या ताटातच आहे. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलांत पराग उघडा पडलेला नसतो. तो नळीसारख्या परागकोशांत कोंडलेला असतो आणि टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतूनच बाहेर येतो. वाऱ्याने फूल हलले तर थोडासा गळतो, पण पुरेसा नव्हे. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा भुंगा फुलाला मिठी मारतो, आणि पंख न हलविता उडण्याचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवितो. तानपुऱ्याची तार छेडावी तसा त्या वेळी एक सूर उमटतो, आणि मिठाच्या चाळणीतून मीठ पडावे तसा पराग गळू लागतो. सातेरी, आग्या, फुलोरी किंवा युरोपीय माशी यांपैकी कोणालाही ही विद्या अवगत नाही. मधाच्या पेट्या शेताच्या बांधावर कितीही मांडल्या, तरी वांग्याच्या फुलाचे हे काम त्या करू शकत नाहीत. तेवढ्यासाठी बांधाच्या मातीतच घर करणारी माशी हवी.

आणि तिच्या घराचीच आज वाण पडत चालली आहे. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या. अंगणात फरशी बसली. बागेतील प्रत्येक वाळली काडी छाटून जाळणे हे टापटिपीचे लक्षण ठरले. शेतात खोल नांगरट झाली की जमिनीतील कोठड्या उलथून पडतात, आणि फुलावर असलेल्या पिकावर सकाळी कीटकनाशक फवारले की शिधा गोळा करणारी मादीच मरते. मधाच्या पोळ्याला निदान मोल असल्यामुळे कोणी राखणदार भेटतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून नावाजले गेले. ज्या माशीपासून मध मिळत नाही, तिच्यासाठी असा कोणी पुढे येण्याचा संभव कमी. तिची राखण आपल्यासारख्या गृहस्थांनीच केली पाहिजे.

सुदैवाने हे काम खर्चाचे नाही. अंगण असेल तर त्याच्या कडेला, ऊन येईल आणि पाणी साचणार नाही असा दोन हात जमिनीचा तुकडा फरशीविना, खणल्याविना उघडा ठेवावा. वाळलेली जाड फांदी अडचण करीत नसेल तर झाडावरच राहू द्यावी. ज्यांना केवळ गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांनी बोटाहून बारीक पोकळीचे बांबूचे वीतभर तुकडे, एका टोकाला पेर राखून, जुडी बांधून पावसाच्या आडोशाला टांगावेत, आणि वरचेवर ते बदलून नवे ठेवावेत. म्हणजे त्यांत रोग व गोचिडीसारखे जीव साठत नाहीत. शेजारी तुळस, सब्जा, झेंडू यांच्या कुंड्या असाव्यात. फवारणी टाळावी, करावीच लागली तर दिवस मावळल्यावर करावी. गुलाबाच्या पानाला गोल कात्रण दिसले, तर औषधाची बाटली शोधू नये. चार पाने गेल्याने गुलाब मरत नाही.

आपण पक्ष्यांसाठी खिडकीत पाण्याचे भांडे ठेवितो, मुंग्यांना साखर घालतो, गाईला घास काढून ठेवितो. या मुक्या शेजारणी तर आपणांपाशी अन्न मागत नाहीत आणि पाणीही मागत नाहीत. त्यांना एवढेच हवे, की भिंतीतले एखादे भोक आणि अंगणातली थोडी माती आपण लिंपल्यावाचून सोडून द्यावी.